तीन वर्षं पूर्ण होताना: घरची थेरपी संपते, शाळेचा आयईपी सुरू होतो, मध्ये काय करायचं?

तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतले आहेत, ते आधी सुटे करते. मुलगा अडीच वर्षांचा, मार्चअखेर तीन पूर्ण करील. पंचवीसेक शब्द आहेत, त्यातले बहुतेक मराठी. बाकीचं काम बोट दाखवून आणि हात ओढून चालतं. न्यू जर्सीच्या अर्ली इंटरव्हेन्शनमधून (तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच्या मदतीच्या कार्यक्रमातून) आठवड्यातून एकदा थेरपिस्ट घरी येते. कोऑर्डिनेटर म्हणते, तिसऱ्या वाढदिवसाला आमचं काम संपलं, आता स्कूल डिस्ट्रिक्टकडे (गावच्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे) जा. नवरा म्हणतो, शाळेच्या कागदावर ‘डिसॅबिलिटी’ लागायला नको. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, घरात फक्त इंग्रजी बोला. आणि तुम्ही विचारताय: शाळेत पाठवू, की डेकेअर तसंच ठेवून खासगी थेरपी लावू?

मी न्यू जर्सीतल्याच एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये स्पीच-लँग्वेज स्पेशालिस्ट आहे. प्रीस्कूलच्या मुलांची तपासणी आणि आयईपीच्या (एकेका मुलासाठी लिहिलेल्या विशेष शिक्षणाच्या आराखड्याच्या) बैठका हे माझं रोजचं काम. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तो शाळेच्या विशेष शिक्षणाला पात्र ठरेल की नाही हे सांगणार नाही, आणि न पाहता कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. पण ‘शाळा की खासगी’ हा निवाडा आज करायची गरज नाही, एवढं नक्की सांगते. आज ठरवायचं आहे ते इतकंच: डिस्ट्रिक्टकडून तपासणी करून घ्यायची का? तपासणीला होकार म्हणजे सेवेला होकार नव्हे. दोन्हींसाठी स्वतंत्र सही लागते. तपासणी होऊ द्या, रिपोर्ट वाचा, आयईपी समोर येऊ द्या आणि मग हवं तर नाही म्हणा. तपासणी मोफत असते. ती न करता ‘नको’ म्हणणं म्हणजे पाकीट न फोडता पत्राचं उत्तर देणं.

आता व्यवस्था बदलते म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगते, कारण पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

अपंगत्व असलेल्या मुलांना पब्लिक शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे, हा अमेरिकेचा केंद्रीय कायदा १९७५ साली आला. १९८६च्या दुरुस्तीने तो तीन वर्षांच्या मुलांपर्यंत खाली आला आणि त्याच दुरुस्तीने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी वेगळा कार्यक्रम उभा केला. आज आपण ज्याला आयडिया कायदा म्हणतो त्यात हे दोन वेगळे भाग आहेत: तीनच्या आतल्यांसाठी ‘पार्ट सी’, तीनच्या पुढच्यांसाठी ‘पार्ट बी’. कार्यालयं वेगळी, नियम वेगळे, माणसं वेगळी. त्यामुळे तुमच्या कोऑर्डिनेटरने हात झटकले असं वाटू देऊ नका. तिचा अधिकार वाढदिवसापाशी संपतो. (मेरीलँडसारख्या राज्यात पालकांना तीननंतरही काही काळ बाळांच्या कार्यक्रमातच राहण्याचा पर्याय आहे. तिकडच्या नातेवाइकांचा अनुभव ऐकून इथलं ठरवू नका.)

खरा फरक आहे तो विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचा. अर्ली इंटरव्हेन्शन विचारतं: या बाळाच्या वाढीला आणि या कुटुंबाला कशाची मदत हवी? म्हणून थेरपिस्ट घरी येते, तुमच्या सोफ्यावर बसते, तुम्हालाच शिकवते. शाळा विचारते: मुलाची अडचण त्याच्या शिकण्याच्या आणि वर्गातल्या सहभागाच्या आड येते का, आणि त्यासाठी त्याला खास आखलेलं शिक्षण लागतं का? हा प्रश्न अरुंद आहे. त्यामुळे अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये सेवा घेणारं प्रत्येक मूल शाळेच्या निकषात बसतंच असं नाही. आणि डॉक्टरांनी निदान लिहून दिलं म्हणून शाळेची पात्रता आपोआप येत नाही. डॉक्टरांचा कागद शाळेने विचारात घ्यायचाच असतो, पण निर्णय शाळेच्या निकषांवर होतो. उलटही खरं आहे: डॉक्टरांचं कुठलंही निदान नसताना मूल पात्र ठरू शकतं.

न्यू जर्सीत तीन ते पाच वयासाठी पात्रतेचा एक वेगळा प्रवर्ग आहे, ‘प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसॅबिलिटी’. शारीरिक, बौद्धिक, संवाद, सामाजिक-भावनिक आणि रोजची कामं स्वतः करण्याची क्षमता, अशी वाढीची पाच क्षेत्रं धरतात. एका क्षेत्रात ३३ टक्के किंवा दोन-अधिक क्षेत्रांत २५ टक्के मागे असेल, आणि त्यामुळे विशेष शिक्षणाची गरज असेल, तर मूल पात्र. ३३ टक्के म्हणजे ढोबळमानाने ३६ महिन्यांचं मूल त्या क्षेत्रात २४ महिन्यांच्या मुलासारखं वागतं. इतर राज्यांत हे आकडे वेगळे आहेत, काही ठिकाणी टक्क्यांऐवजी सरासरीपासूनचं अंतर मोजतात. म्हणजे टेक्सासमधल्या मैत्रिणीचा मुलगा पात्र ठरला आणि तुमचा नाही, किंवा उलट, यात आश्चर्य नाही.

शिक्क्याबद्दल तुमच्या यजमानांची काळजी मला कळते. बैठकीत ती बहुतेक वडील बोलून दाखवत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसते. हा प्रीस्कूलचा प्रवर्ग तात्पुरता आहे. किंडरगार्टनला जाण्याआधी मुलाची पुन्हा तपासणी होते, आणि तेव्हा सेवेची गरज नसेल तर आयईपी बंद होतो. शाळेच्या नोंदी १९७४च्या फर्पा कायद्याने गोपनीय आहेत. किंडरगार्टनच्या वर्गातल्या इतर पालकांना त्या कधी दिसत नाहीत. आणि तुमची सेवेला दिलेली संमती तुम्ही लेखी पत्राने कधीही मागे घेऊ शकता. मी पाहिलेल्या मुलांमध्ये त्रास शिक्क्याचा झाला नाही. तो झाला उशिराचा. साडेचार वर्षांचा मुलगा, ज्याला आता आपण बोलत नाही हे कळतं आणि म्हणून जो ढकलतो, चावतो, त्याच्याबरोबर काम करणं तीन वर्षांच्या मुलापेक्षा कितीतरी अवघड असतं.

व्हिसाचंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. पब्लिक शाळेत शिकण्याचा हक्क इमिग्रेशनच्या स्थितीवर अवलंबून नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात ठरवलं. विशेष शिक्षण हे त्या शिक्षणाचाच भाग आहे. डिस्ट्रिक्ट तुमच्याकडून राहण्याचा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद मागेल. व्हिसाचा कागद मागणार नाही, आणि मागायचाही नाही.

आता तारखा, कारण तुमच्या बाबतीत हाच भाग घाईचा आहे. केंद्रीय नियम असा, की अर्ली इंटरव्हेन्शनमधून येणाऱ्या पात्र मुलाचा आयईपी तिसऱ्या वाढदिवसापर्यंत तयार होऊन लागू झालेला असला पाहिजे. ट्रान्झिशनची (अर्ली इंटरव्हेन्शनकडून शाळेकडे जाण्याची) बैठक वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी व्हायला हवी, ती नऊ महिने आधीपर्यंत घेता येते. पण न्यू जर्सीत एवढ्यावर थांबू नका. इथला नियम सांगतो, की तपासणीची लेखी मागणी वाढदिवसाच्या किमान १२० दिवस आधी डिस्ट्रिक्टकडे गेली पाहिजे. मार्चअखेरचा वाढदिवस म्हणजे तुमचं पत्र नोव्हेंबर संपण्याच्या आत पोहोचायला हवं. ट्रान्झिशनची बैठक ठरली नाही म्हणून पत्र थांबवायचं कारण नाही. पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत डिस्ट्रिक्टने तुमच्यासोबत पहिली बैठक घ्यायची असते. त्यात शाळेच्या सुट्ट्या मोजत नाहीत, पण उन्हाळ्याची मोठी सुट्टी मोजतात. तपासणीच्या संमतीवर सही झाली की ९० दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि पात्र असल्यास आयईपी सुरू होणं, एवढं सगळं बसवायचं असतं. गणित करून पाहा: २० आणि ९० मिळून ११०. १२० दिवसांचा नियम का आहे ते लगेच कळेल. महिनाभर उशिरा पत्र पाठवणारं कुटुंब महिनाभर थेरपीविना घरी बसतं, कारण अर्ली इंटरव्हेन्शन वाढदिवसाला थांबलेलंच असतं.

पत्र पाठवण्याआधी किंवा त्याच आठवड्यात ऑडिऑलॉजिस्टकडून कानांची पूर्ण तपासणी करून घ्या. जन्माच्या वेळी तपासणी पास झाली होती, हे पुरेसं नाही. या वयात मधल्या कानात पाणी साचून राहणं सर्रास दिसतं. मूल दचकतं, गाणं लागलं की वळतं, म्हणून ऐकू येतंय असं वाटतं, पण बोलण्यातले बारीक आवाज त्याला धूसर येत असतात. आम्हीही हा रिपोर्ट मागतोच. तो आधीच हातात असेल तर दोन-तीन आठवडे वाचतात.

भाषेचा मुद्दा मात्र मला सविस्तर घ्यायचाय, कारण तिथे तुम्हाला चुकीचा सल्ला मिळालाय. दोन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं मागे पडत नाही. ज्या मुलांना भाषेची खरी अडचण असते त्यांचीही एक भाषा काढून घेतल्याने अडचण कमी होत नाही. घरात मराठी बंद केलीत तर काय होतं ते मी घराघरांतून पाहिलंय: आईचं बोलणं कमी होतं. मराठीत जी आई आंघोळीपासून झोपेपर्यंत अखंड बडबडते, गाणी म्हणते, रागावते, लाडाने दहा नावांनी हाक मारते, ती इंग्रजीत ‘गुड जॉब’ आणि ‘नो नो’वर येते. आजीशी तर बोलणंच तुटतं. मुलाला लागते ती भरपूर, सहज, अर्थाची भाषा. ती तुमच्याकडे मराठीत आहे. तीच बोला. डेकेअरमध्ये इंग्रजी मिळतेच आहे.

तपासणीतही मराठी महत्त्वाची. कायदा सांगतो, की मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत किंवा ज्या पद्धतीने तो सर्वात नीट व्यक्त होतो त्या पद्धतीने व्हावी, ते अगदीच शक्य नसेल तरच अपवाद. आणि केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंगत्वाच्या प्रवर्गात घालता येत नाही. व्यवहारात अडचण अशी, की अमेरिकेतल्या ज्या प्रमाणित चाचण्या आम्ही वापरतो त्यांचे आकडे मराठी-इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर बेतलेले नाहीत. दुभाष्या बसवून त्याच चाचणीचं मराठी करून घेतलं तरी येणारा गुण अधिकृत धरता येत नाही. ‘पाणी पाहिजे’ म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजी चाचणी शून्य देते, आणि त्याने दोन शब्द जोडले ही सगळ्यात मोलाची गोष्ट तिला दिसतच नाही.

मग चांगली तपासणी कशी दिसते? दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजतात. कुटुंबाची सविस्तर मुलाखत होते. मूल खेळताना बोलेल ते लिहून घेतात, शक्य असेल तर तुमच्याशी मराठीत खेळतानाचं. आणि थोडं शिकवून पाहतात: नवी खूण, नवा शब्द दाखवला तर अर्ध्या तासात तो उचलतो का? मला स्वतःला या शेवटच्या भागातून जेवढं कळतं तेवढं आकड्यांतून कळत नाही. ज्याला फक्त भाषेचा अनुभव कमी मिळालाय ते मूल पटकन उचलतं. ज्याच्या शिकण्यातच अडचण आहे त्याला पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. पत्रात स्पष्ट लिहा, की घरची भाषा मराठी आहे आणि तपासणीला मराठी दुभाष्या हवा. दुभाष्याचं काम तुम्ही स्वतः करू नका. आईला वाटतं मदत करावी, आणि ती नकळत खूण करते, शब्द सोपा करते. सगळी तपासणी बिघडते. तुमची गरज पालक म्हणून आहे. आणि मराठी दुभाष्या मिळत नाही म्हणून कोणी हिंदीचा पाठवू म्हटलं, तर मुलाला हिंदी येत नाही, हे शांतपणे सांगा. हे घडतं.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अडीच वर्षांचं, कमी बोलणारं पण सगळं समजणारं, नजर मिळवणारं, खोटा-खोटा स्वयंपाक करणारं मूल पुढे आपसूक बोलू लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पण कोणतं मूल आपसूक बोलेल हे आधी खात्रीने सांगण्याचं साधन आमच्याकडे नाही. मी ज्या गोष्टींकडे बघते त्या अशा: सांगितलेलं समजतं का, खुणांचा साठा मोठा आहे का, दुसऱ्या मुलांकडे बघून नक्कल करतो का, नाव घेतल्यावर वळतो का, आणि होते ते शब्द गेले का. शब्द येऊन गेले असतील किंवा नजर, नाव, बोट दाखवून ‘बघ’ म्हणणं यात उणीव असेल, तर शाळेची वाट न बघता डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनची (मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ डॉक्टरांची) वेळ आजच घ्या. त्यांच्याकडे ताटकळावं लागतं.

आता आयईपी. पालक बैठकीला येतात तेव्हा त्यांची नजर एका पानावर असते: आठवड्यातून किती मिनिटं थेरपी. अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये तासभर होता, इथे अर्धाच तास का? आणि सगळा वाद त्या मिनिटांवर होतो. माझा अनुभव वेगळा सांगतो. आयईपीमध्ये सगळ्यात वजनदार पान मिनिटांचं नसतं, ते सुरुवातीचं असतं, जिथे मुलाची सध्याची पातळी लिहिलेली असते. प्रीस्कूलच्या मुलासाठी तिथे लिहायचं असतं, की अडचणीमुळे तो वयाला साजेशा कामांत भाग कसा घेऊ शकत नाही. कायद्याने उद्दिष्टं या पानावरून निघतात, सेवा उद्दिष्टांवरून, आणि जागा, म्हणजे मूल कुठल्या वर्गात बसेल ते, सेवांवरून. पहिलं पान मोघम असेल तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही.

मोघम पान कसं असतं? ‘मुलाला अभिव्यक्त भाषेत विलंब आहे. शब्दसंपदा मर्यादित आहे.’ यात चूक काही नाही, पण यावरून कोणी काहीच ठरवू शकत नाही. आता हे बघा: ‘खाऊच्या वेळी पाणी हवं असेल तर तो मोठ्या माणसाचा हात धरून बाटलीकडे नेतो, ‘पाणी’ हा शब्द घरी वापरतो, डेकेअरमध्ये वापरत नाही. गोष्टीच्या वेळी गोलात दोन-तीन मिनिटं बसतो, प्रश्न आला की उठून जातो. दुसऱ्या मुलाने खेळणं घेतलं तर ओरडतो किंवा ढकलतो, शब्द किंवा खूण वापरत नाही. एका टप्प्याची सूचना हातवाऱ्यांसह पाळतो, हातवाऱ्यांविना बहुधा नाही.’ हे वाचल्यावर उद्दिष्टं आपसूक समोर येतात: खाऊच्या आणि खेळाच्या वेळी मागणं, नकार आणि ‘माझं’ हे शब्दाने, खुणेने किंवा चित्राने सांगणं. आणि हेही दिसतं, की ही अडचण बंद खोलीत अर्धा तास चित्रं दाखवून सुटणार नाही, ती इतर मुलांमध्ये सुटेल. म्हणजे वर्गात जाऊन केलेली थेरपी, छोट्या गटातली थेरपी आणि वर्गशिक्षिकेला शिकवण्यासाठी थेरपिस्टचा राखीव वेळ मागायला तुमच्याकडे कारण येतं. गटातली थेरपी ऐकून पालकांचे चेहरे पडतात, जणू अर्धीच वाटणी मिळाली. तीन वर्षांच्या कमी बोलणाऱ्या मुलाला दोन समवयस्क समोर असणं अनेकदा माझ्या एकटीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. उच्चारांच्या विशिष्ट अडचणीत, किंवा तोंडाच्या हालचाली आखण्यातच दोष असेल तर मात्र एकेकट्याने आणि वरचेवर काम लागतं. तिथे गटाला हो म्हणू नका.

हे पान लिहायला लागणारी माहिती तुमच्याकडे आणि डेकेअरच्या बाईंकडे आहे, आमच्याकडे नाही. आम्ही मुलाला एक-दोनदा, अनोळखी खोलीत भेटतो. म्हणून बैठकीआधी आठवडाभर लिहून ठेवा: जेवताना, कपडे घालताना, बागेत, इतर मुलांत, काय मागितलं आणि कसं, कशावर चिडला, काय समजलं नाही. फोनवर छोटे व्हिडिओ घ्या, विशेषतः मराठीत बोलतानाचे. डेकेअरच्या शिक्षिकेकडून अर्धं पान लिहून घ्या आणि तपासणी करणाऱ्यांनी डेकेअरमध्ये येऊन मुलाला बघावं अशी विनंती करा. चांगलंच तेवढं सांगायची आपली सवय इथे आड येते. ‘तो हुशार आहे, सगळं कळतं त्याला’ हे खरं असेलच, पण तेवढंच सांगितलंत तर कागदावर गरज उरत नाही.

न्यू जर्सीत तपासणीचे रिपोर्ट पात्रतेच्या बैठकीच्या किमान १० दिवस आधी तुमच्या हातात पडले पाहिजेत. ते वाचूनच बैठकीला या. काही चुकीचं किंवा राहून गेलेलं दिसलं तर आधी ईमेलने कळवा, बैठकीत पहिल्यांदा काढू नका. टेबलाभोवती सात-आठ माणसं आणि घड्याळात तासभर, अशा वेळी बारकावे हरवतात. बैठकीला तुमचा भाऊ, मैत्रीण, आताची थेरपिस्ट, कोणालाही सोबत आणता येतं. अर्ली इंटरव्हेन्शनच्या कोऑर्डिनेटरला बोलवा असं तुम्ही सांगितलंत तर डिस्ट्रिक्टने तिला निमंत्रण द्यायचं असतं. तुम्हाला स्वतःला मराठी दुभाष्या हवा असेल तर तोही मागता येतो, त्यात कमीपणा नाही.

उद्दिष्टं वाचताना एकच कसोटी लावा: हे साध्य झालं तर मुलाच्या दिवसात काय बदलेल? ‘८० टक्के अचूकतेने २० चित्रं ओळखेल’ याने बदलत नाही काहीच. २०१७च्या एंड्रू एफ. खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आयईपी मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल अशा बेताने आखलेला असला पाहिजे, नावापुरती प्रगती पुरत नाही. सर्वोत्तम सेवा मिळण्याचा हक्क मात्र कायद्यात नाही, योग्य सेवेचा आहे. हे ऐकायला कडू आहे, पण बैठकीत ‘बेस्ट’ हा शब्द वापरणाऱ्या पालकांचं काम त्यामुळेच अडतं. ‘गरज’ म्हणा आणि पहिल्या पानावर बोट ठेवा.

मग जागा कुठली? सरसकट ‘प्रीस्कूल डिसेबल्ड’चा वेगळा वर्ग हे उत्तर नाही. कायद्याचा कल आधी सर्वसाधारण मुलांसोबत, लागेल ती मदत देऊन शिकवण्याकडे आहे, आणि तो तीन वर्षांच्या मुलालाही लागू आहे. तुमच्या गावात डिस्ट्रिक्टचं मोफत प्रीस्कूल असेल तर तिथे मदतीसह बसवता येतं का, हे पहिलं विचारा. तसं प्रीस्कूल नसेल तरी डिस्ट्रिक्टची सुटका होत नाही. बाहेरच्या प्रीस्कूलमध्ये जागा देणं हाही एक मार्ग आहे. न्यू जर्सीत वेगळ्या वर्गात बारापेक्षा जास्त मुलं नसतात आणि शिक्षिकेसोबत मदतनीस असते. काही मुलांना तोच वर्ग मानवतो, विशेषतः ज्यांना गजबज सहन होत नाही. बोलणं सोडून बाकी सगळं वयाप्रमाणे असणाऱ्या मुलाला मी तिथे सहसा सुचवत नाही, कारण बोलायला शिकायचं तर बोलणारी मुलं आसपास लागतात. आणि निर्णयाआधी वर्ग प्रत्यक्ष बघायला मागा.

डेकेअर सोडायचंच नसेल तर? काही डिस्ट्रिक्टमध्ये मूल फक्त थेरपीपुरतं शाळेत आणून परत न्यायची सोय असते. नोकरी करणाऱ्या आईबापांना सकाळी अकराला हे जमत नाही हे मला ठाऊक आहे. पण डिस्ट्रिक्टने देऊ केलेला आयईपी नाकारून मुलाला स्वतःहून खासगीत ठेवलंत तर तिथे त्याच सेवा मिळण्याचा वैयक्तिक हक्क राहत नाही. विम्यातून खासगी थेरपी चालू ठेवणं मात्र वेगळं. ती शाळेच्या सेवेसोबत चालू शकते, आणि खासगी थेरपी आहे म्हणून शाळेने मिनिटं कापायची नसतात.

काही बारीक गोष्टी पटापट. डायपर सुटलं नाही म्हणून पात्र मुलाला नाकारता येत नाही. शाळेची बस आयईपीत लिहिता येते, आणि एवढ्याशा मुलाला बसमध्ये योग्य सीट हवी हेही त्यात लिहा. पालकांचं प्रशिक्षण ही कायद्यातच दिलेली सेवा आहे. थेरपिस्ट घरी येणं बंद झाल्यावर तुम्हाला नेमकी तीच उणीव जाणवणार आहे, म्हणून ती नावानिशी मागा. आणि न्यू जर्सीचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: पहिला आयईपी तुमच्या लेखी संमतीशिवाय सुरू होत नाही, पण त्यानंतरचे बदल कळवल्यापासून १५ दिवसांत तुम्ही हरकत घेतली नाही तर लागू होतात. दुसऱ्या वर्षी आलेलं पाकीट फ्रिजवर चिकटवून विसरू नका.

तो अपात्र ठरला तर कारण लेखी मागा. ते देणं बंधनकारक आहे. तपासणी पटली नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते. डिस्ट्रिक्टने एकतर ती द्यायची किंवा आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करायचं. तिथवर जाण्याआधी प्रत्येक राज्यात केंद्राच्या निधीतून चालणारं पालक प्रशिक्षण केंद्र असतं, तिथे फोन करा. सल्ला मोफत मिळतो, आणि त्यांना तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सवयी ठाऊक असतात.

तर आत्ता फक्त पत्र. ते इंग्रजीतच जाईल, पण मजकूर चार ओळींचा आहे: मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, तो सध्या अर्ली इंटरव्हेन्शनच्या सेवा घेतो, विशेष शिक्षणासाठी तपासणीची आमची लेखी मागणी आहे, घरची भाषा मराठी आहे आणि तपासणीसाठी मराठी दुभाष्या लागेल. वर ‘चाइल्ड स्टडी टीम’ (डिस्ट्रिक्टमधली तपासणी करणारी टीम) आणि ‘डायरेक्टर ऑफ स्पेशल सर्व्हिसेस’ दोघांचा उल्लेख करा, तारीख घाला, ईमेलने पाठवा आणि एक प्रत स्वतः शाळेच्या कार्यालयात नेऊन पोच घ्या. फोनवर ‘बघतो’ असं सांगितलं गेलं तर २० दिवसांचं घड्याळ त्या फोनने सुरू होत नाही, पत्राने होतं. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर डायरेक्टरांना त्याच ईमेलखाली एक ओळ लिहा: पत्र कोणत्या तारखेला मिळालं आणि बैठक कधी आहे.